सात डबे आणि एक काटकोन

जोडाजोड मंडळात तिला सगळे 'दाढ' म्हणायचे आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात काय नीट बसेल याची काळजी वाहणाऱ्या बाईला याहून चांगलं टोपणनाव मिळणार तरी कुठलं? ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची. मग ती प्लास्टर ओतायची, मेणात दात मांडायची, गुलाबी ॲक्रिलिक भरून शिजवायची, घासायची, चमकवायची. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती माणसं तिला कधी दिसायची नाहीत. दिसायचे ते त्यांचे जबडे, फळीवर ओळीने मांडलेले, आणि सगळे आ वासून.

मंडळ भरायचं ते फोनवर. जिगसॉचं, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरं करायच्या कोड्यांचं, वेड लागलेली एकशे तीस माणसं दहा-बारा शहरांत विखुरलेली होती. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण कुणाच्या घरी कुठल्या डब्यातला कुठला तुकडा हरवलाय हे सगळ्यांना तोंडपाठ. कोडं पुरं झालं की फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर लाल बदाम टाकायचे, असा रिवाज होता. दाढ नवीन होती तेव्हा तिच्या एका कोड्यात घोड्याच्या पोटाचा तुकडा गायब निघाला. तिने भोकात मेण दाबलं, साचा केला आणि हाताशी होतं त्या ॲक्रिलिकचा तुकडा ओतून बसवला. रंग अर्थातच हिरडीचा. तपकिरी घोड्याच्या पोटावर गुलाबी ठिपका! 'घोड्याला कवळी बसवली,' असं लिहून तिने फोटो टाकला आणि एका दुपारीत शहाण्णव बदाम पडले. त्या दिवसापासून ती दाढ. ज्याचा तुकडा हरवेल तो तिला भोकाचा ठसा पाठवायचा. ती तुकडा ओतून, रंगवून परत धाडायची.

मंडळाच्या प्रमुख होत्या हेडबाई. त्या शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कुणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की दुरुस्त करायच्या. कुणी फालतू विनोद टाकला की त्याला दोन दिवस 'वर्गाबाहेर' उभं करायच्या, म्हणजे वाचायचं सगळं, लिहायचं काही नाही. आणि वर्गाबाहेर उभं राहण्याचा विक्रम ज्यांच्या नावावर होता ते सभासद म्हणजे काटकोन.

काटकोन डब्यावरचं चित्र न बघता कोडं जोडायचे. झाकण पालथं घालून ठेवायचे. 'चित्र बघून जोडणं म्हणजे उत्तरं बघून गणित सोडवणं,' हे त्यांचं एक वाक्य. 'आधी कडा लावणारे लोक पोहायला जातात आणि कठडा धरून उभे राहतात,' हे दुसरं. हेडबाई कट्टर कडावाल्या. त्यामुळे दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं होतं आणि मंडळाला फुकटची करमणूक होती. काटकोनांची आणखी एक गंमत म्हणजे ते सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहा ते दोन हटकून हजर असायचे, टपाटप लिहायचे. एरवी मेल्यासारखे गप्प. त्यावरून मंडळाने एकमताने ठरवून टाकलं होतं की हे गृहस्थ सरकारी कचेरीत कामाला असणार.

एका सोमवारी हेडबाईंनी जाहीर केलं की नुसतं हौस भागवत बसणं मंडळाला शोभत नाही, आता समाजासाठीही काही करायचं. दाढेच्या शहरातल्या एका इस्पितळात डायलिसिसचा विभाग होता. तिथे माणसं दिवसाआड चार-चार तास यंत्राला जखडून बसतात. त्यांना मंडळातर्फे कोडी भेट द्यायची. प्रत्येकाने एक डबा द्यायचा, तुकडे स्वतः जोडून, मोजून. उपक्रमाचं नाव 'एक डबा मायेचा'.

बदामांचा पाऊस पडला. चाळीस जणांनी डबे कबूल केले. तेवढ्यात काटकोनांचं वाक्य आलं: 'त्या लोकांना विचारलंय का?'

'चांगल्या कामाला विचारायचं काय त्यात?' हेडबाई.

'हजार तुकडे मांडायचे कुठे? तुमच्या मांडीवर?'

झालं. मंडळ खवळलं. कुणी लिहिलं, दगड आहे हा माणूस. कुणी लिहिलं, स्वतःवर वेळ आली म्हणजे कळेल. दाढ सहसा भांडणात पडायची नाही, पण त्या दिवशी तिलाही चेव आला. 'माणसाने इतकंही कडू असू नये,' तिने लिहिलं आणि तिला एकोणतीस बदाम मिळाले. हेडबाईंनी काटकोनांना अख्खा महिनाभर वर्गाबाहेर काढलं.

चाळीस कबूल केलेल्या डब्यांपैकी आले सात. बाकीच्या तेहतीस जणांना पाठदुखी, पाहुणे आणि परीक्षा या तीन रोगांनी एकदम गाठलं. 'रंधा' नावाचा एक सुतार सभासद तर रोज सकाळी 'आजच पाठवतो' असं लिहायचा, ते वाचूनच दमायला व्हायचं. इस्पितळ दाढेच्या कारखान्यापासून दोन थांब्यांवर, म्हणून ते सात डबे तिच्या घरी येऊन पडले आणि तपासायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. न मोजता पाठवले होते ना सगळ्यांनी!

मग दाढ आणि तिच्या सासूबाई जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसल्या. सासूबाईंना एकोणऐंशीवं लागलं होतं, पण नजर घारीची. अकरा दिवसांत सातही कोडी जोडून झाली आणि सातही कोड्यांत नेमका एकेक तुकडा कमी निघाला. दाढेने कपाळावर हात मारला. मेण, साचा, ॲक्रिलिक, रंग, सगळं करून तिने सात खोटे तुकडे बनवले. आठवड्याने सासूबाईंचा चष्मा आणायला म्हणून तिने त्यांची चष्म्याची डबी उघडली तर आत चष्मा नाही. सहा तुकडे.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? शेवटचा तुकडा मी लावणार म्हणून ठेवला होता बाजूला. दर वेळी तूच लावतेस. मी काय नुसती बघायला बसू?"

"मग लावला का नाहीत?"

"तू लगेच जबड्याचं सामान काढून बसलीस. म्हटलं, हौस असेल सुनेची, करू दे."

दाढेने सहा खोटे तुकडे काढून खरे घातले. सातवा, दीपगृहाच्या चित्रातला आभाळाचा तुकडा, कुठे ठेवला ते सासूबाईंना आठवेना. "गेला असेल झाडताना," त्या म्हणाल्या, जणू दोष केरसुणीचा. त्या एका डब्यात दाढेचाच निळा तुकडा राहिला.

बुधवारी अर्धी रजा टाकून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दाढ इस्पितळात पोचली. खरं सांगायचं तर जिना चढताना तिला स्वतःबद्दल बरंच काही चांगलं वाटत होतं. आपल्या येण्याने तिथल्या चेहऱ्यांवर हसू फुलेल वगैरे. दारातच सिस्टर आडवी आली. उंच, दंड भरलेली, आवाज रेल्वेच्या भोंग्यासारखा.

"हे काय आणलंत?"

"कोडी. भेट म्हणून. आमच्या हेडबाईंचं तुमच्या ऑफिसशी बोलणं झालंय."

"ऑफिसशी झालं असेल, माझ्याशी नाही. पुसून घेतलेत?"

"काय?"

"तुकडे! इथे बाहेरची धूळ चालत नाही."

पहिला पाऊण तास दाढ व्हरांड्यातल्या बाकावर बसून ओल्या फडक्याने तुकडे पुसत होती. एवढ्या वेळात तीनच डबे झाले. ते घेऊन ती आत गेली.

आत अकरा खुर्च्या होत्या, आडव्या होणाऱ्या, आणि प्रत्येकीशेजारी कपाटाएवढं यंत्र. प्रत्येकाचा एक हात उशीवर ठेवलेला, त्यातून दोन नळ्या निघालेल्या, एकीतून रक्त जातंय, दुसरीतून येतंय. तो हात हलवायचा नाही. म्हणजे माणसाच्या वाट्याला उरला एक हात, एक पांघरूण आणि वहीएवढं फिरतं टेबल. दाढ तिथेच थबकली. 'तुमच्या मांडीवर?' हे तिला आठवलं, आणि तिने ते घाईघाईने विसरायचा प्रयत्न केला.

पहिल्या खुर्चीतल्या बाई झोपल्या होत्या. दुसऱ्या खुर्चीतल्या धिप्पाड बसचालकाने भिडेखातर डबा घेतला आणि एका हाताने उघडायला गेला. हजार तुकडे पांघरुणावरून घसरून यंत्राखाली पसरले. सिस्टरने दाढेकडे असं पाहिलं की दाढ न सांगता गुडघ्यांवर आली आणि पुढची वीस मिनिटं तुकडे वेचत लोकांच्या चपलांमधून रांगत राहिली. जिना चढताना वाटलेलं ते चांगलं-चांगलं सगळं तिथेच फरशीवर सांडलं.

"इकडे आणा एक," खिडकीजवळच्या खुर्चीतून कुणी म्हणालं.

साठी उलटलेले, काटकुळे, चौकटीचा शर्ट घातलेले गृहस्थ होते. दाढेने त्यांना दीपगृहाचा डबा दिला, कारण तो सगळ्यात लहान, तीनशे तुकड्यांचा होता. त्यांनी झाकण पालथं घातलं, त्याचंच ताट केलं, त्यात मूठभर तुकडे घेतले आणि आकारांप्रमाणे निवडू लागले. दाढ पुन्हा बसचालकाच्या यंत्राखाली शिरली. ती धुळीने माखून बाहेर आली तेव्हा ते गृहस्थ एक निळा तुकडा बोटांत फिरवत होते. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने टोकरला आणि मग चक्क समोरच्या दातांवर वाजवला. टक टक.

"हा पुठ्ठा नाही," ते म्हणाले. "ॲक्रिलिक आहे." आणि वर न बघताच पुढे म्हणाले, "दाढबाई, रंगाचा आणखी एक हात द्यायला हवा होता."

तिने पालथ्या झाकणाकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बुधवार, साडेबारा.

"काटकोन?"

"हळू बोला. इथे मला 'सात नंबर' म्हणतात."

"अहो, पण तुम्ही... तुम्ही तर कचेरीत..."

"कुणी सांगितलं? मंडळानेच ठरवलं. मला आवडलं ते, म्हणून राहू दिलं. तीस वर्षं जमिनी मोजल्या मी. तेव्हा कधी खुर्चीत चार तास सलग बसलो नाही. आता बसतो."

दाढ स्टुलावर बसली. शेवटी जे आधी बोलायला हवं होतं तेच बोलली.

"मी ते लिहिलं होतं... कडू असू नये म्हणून."

"वाचलं ना. वर्गाबाहेरून दिसतं सगळं." त्यांनी एक तुकडा बसवला. "शुद्धलेखन बरोबर होतं."

"सांगायचं नाही का हो तुम्ही?"

"काय सांगायचं? दहा ते दोन तेवढाच वेळ मी कुणाचा पेशंट नसतो. मंडळात हेडबाई मला शिव्या घालतात. घरी कुणी घालत नाही आता, सगळे मऊ मऊ बोलतात. बायको तर मी खोकलो तरी उठून उभी राहते. तुम्हाला सांगतो, माणसाला रोज थोडा अपमान लागतो, त्याशिवाय भूक लागत नाही. आणि आता त्याच मंडळाचा मी काय झालो? उपक्रम!" हा शब्द त्यांनी दातात खडा आल्यासारखा उच्चारला. "कुणाला सांगायचं नाही. शप्पथ घ्या."

दाढेने शप्पथ घेतली. बाहेर आली आणि फोन पाहिला तर हेडबाईंचा निरोप: 'शुक्रवारी सकाळच्या बसने येते आहे. फलक बरोबर आणते. लाभार्थींसह फोटो घेऊ.'

शुक्रवारपर्यंत दाढेने जमेल तेवढे खोडे घातले. बस रद्द असतात म्हणाली. विभागात कसलीतरी साथ आहे म्हणाली. हेडबाईंनी उत्तर दिलं की अडतीस वर्षं त्यांनी कांजिण्यांच्या मुलांना शिकवलंय. दाढेने काटकोनांना फोन करून सावध केलं, खुर्ची बदलून घ्या म्हणाली. "बाईंनी मला कधी पाहिलंय?" ते म्हणाले. "मी तोंड मिटून बसेन. चार तास यंत्र सोसतो, त्या बाईला दहा मिनिटं नाही सोसणार?"

हेडबाई प्रत्यक्षात एवढ्याशा निघाल्या, दाढेच्या खांद्यालाही लागेनात. पण काखेत गुंडाळलेला फलक त्यांच्याहून लांब होता आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सिस्टरने दारातच सांगितलं, फोटो काढायचे नाहीत, फलक बाहेर ठेवायचा. दोन भोंगे समोरासमोर आले असं दाढेला क्षणभर वाटलं, पण हेडबाईंनी कधी नव्हे ते ऐकलं. फलक भिंतीला टेकवला आणि त्या आत आल्या, वर्गाची तपासणी करावी तशा खुर्च्यांच्या रांगेतून चालत.

खिडकीशी त्या थांबल्या. सात नंबर झाकणाच्या ताटात आभाळ जोडत होते, मधूनच.

"आजोबा," हेडबाई मायेने म्हणाल्या, "असं नसतं करायचं. आधी कडा लावून घ्यायच्या. म्हणजे सोपं जातं."

काटकोनांनी ओठ घट्ट मिटले. दाढेने मागून हात जोडले.

"आणि चित्र का हो पालथं घातलंत? सरळ ठेवा की. बघून बघून लावायचं. थांबा, मी दाखवते." आणि हेडबाईंनी हात घालून ताटातला एक तुकडा उचलला.

तिथे बांध फुटला.

"ठेवा तो खाली! बघून बघून लावायला मी काय उत्तरं बघून गणित सोडवणारा वाटलो? कठडा धरून पोहायची सवय तुम्हाला, मला नाही!"

हेडबाईंचा हात हवेतच राहिला. "तुम्ही!" त्या म्हणाल्या. "उद्धट माणूस!"

"मीच! महिनाभर वर्गाबाहेर! आणि हा बघा, हा माझा वर्ग!" असं म्हणताना ते विसरले आणि दाखवायला उचलला तो नेमका नळ्यांचा हात. यंत्र किंचाळलं, तांबडा दिवा लागला, सिस्टर धावत आली. तिने एका हाताने त्यांचा हात उशीवर सरळ केला आणि दुसऱ्याने हेडबाईंना दंडाला धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं. अडतीस वर्षांत हेडबाई पहिल्यांदाच वर्गाबाहेर उभ्या होत्या.

दाढ त्यांच्या मागोमाग गेली. हेडबाई भिंतीशी उभ्या होत्या. फलक घसरून थोडा उलगडला होता आणि त्यावरचं 'मायेचा' एवढंच दिसत होतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं होतं. त्या लोकांना विचारलंय का, म्हणून. मी काय उत्तर दिलं गं?"

"चांगल्या कामाला विचारायचं काय त्यात," दाढ म्हणाली. खोटं बोलायला तिला काही सुचलंच नाही.

यंत्र शांत झाल्यावर हेडबाईंनी सिस्टरकडे परवानगी मागितली. अक्षरशः मागितली, हात पुढे बांधून. मग त्या खुर्चीजवळ गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"तुमची शिक्षा मागे घेते."

"मला नको. अजून पाच दिवस बाकी आहेत, ते मी पुरे करणार."

"हट्टी!"

"नियम म्हणजे नियम. तुमचेच."

मग हेडबाईंनी पिशवीतून वही काढली, पेन उघडलं आणि म्हणाल्या, "बरं. आता विचारते. काय पाहिजे इथे?"

काटकोनांनी तोंडाला कुलूप लावलेलं नव्हतंच. हजार तुकड्यांचे डबे नकोत, तीनशेच्या वर एक नको. डबेही नंतर, आधी ताटं हवीत, चारी बाजूंना बोटभर काठ असलेली, खुर्चीच्या हातांवर आडवी बसणारी, म्हणजे एका हाताचं काम होईल. कुणाचा डावा हात अडकलेला असतो, कुणाचा उजवा, तेव्हा दोन्ही प्रकारची. वर झाकण हवं, कारण दोन वाजता खुर्ची सोडावी लागते आणि कोडं अर्धं राहतं. सगळं पुसता येईल असं. हेडबाई लिहीत होत्या आणि एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. बसचालकाने पलीकडून ओरडून मापं सांगितली. पोट मोठं असणाऱ्यांचाही विचार करा म्हणाला.

शिक्षेचे पाच दिवस संपले त्या दिवशी काटकोनांनी मंडळात स्वतःच लिहिलं. दाढेला वाटलं होतं ते आडून सांगतील, कुणा मित्राचं म्हणून. तसं नाही. 'मी तिथेच बसतो, सात नंबरला, दोन वर्षं झाली,' एवढं एक वाक्य आणि खाली मापं. मंडळ हबकलं. स्वतःवर वेळ आली म्हणजे कळेल असं लिहिणाऱ्याने आपलं वाक्य गुपचूप पुसून टाकलं. मग बदामांचा असा लोंढा आला की मापं वर वाहून गेली. काटकोनांनी लिहिलं: 'बदाम पुरे. खाल्ले तरी मला चालत नाहीत. ताटं पाठवा.' आणि हेडबाईंनी त्याखाली: 'रंधा, उभे राहा.'

रंधा उभा राहिला. बिचाऱ्याला पर्यायच नव्हता, एकशे तीस माणसं रोज सकाळी त्याला 'आजच ना?' असं विचारत होती. पाच आठवड्यांनी अकरा ताटं आली, सहा डावखुरी, पाच उजवी, काठ गुळगुळीत घासलेले. एका ताटाला पोटाच्या मापाची अर्धगोल खाच होती.

दाढ ती पोचवायला गेली तेव्हा हेडबाई आधीच येऊन बसल्या होत्या, दोन तासांची बस करून. सात नंबरच्या ताटावर डब्याचं झाकण अर्धं उभं होतं. म्हणजे हेडबाईंना चित्र दिसेल आणि काटकोनांना दिसणार नाही, असा तह झाला होता. त्या कडेने येत होत्या, ते मधून निघाले होते आणि दोघं दबल्या आवाजात भांडत होती, कारण आवाज चढला की सिस्टर स्टूल काढून घेणार होती.

पहिल्या खुर्चीतल्या बाई आज जाग्या होत्या. दाढेने त्यांच्यापुढे ताट धरलं.

"मला नको बाई ते," त्या म्हणाल्या. "बारीकसारीक जोडत बसायचा मला लहानपणापासून कंटाळा. मी आपली झोपते. पण तुम्ही त्या कवळ्यावाल्या ना? खिडकीतले ते म्हणत होते." आणि त्यांनी तोंडात बोट घालून वरची कवळी काढली, रुमालावर ठेवली. मधोमध केसाएवढी चीर गेली होती. "याचं काही होईल का? शुक्रवारपर्यंत?"

दाढेने कवळी उजेडात धरली. तिने असे हजारो जबडे पाहिले होते, पण त्यांच्यामागचा चेहरा समोर बसून उत्तराची वाट बघतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"होईल की," ती म्हणाली. "पण तोवर जेवाल कशा?"

"मऊ मऊ खाईन," बाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या आणि खिडकीकडे बघून हसायला लागल्या. तिथे हेडबाईंनी एक कोपरा बसवला होता, आणि काटकोन तो मोकळ्या हाताने परत उचकटत होते.